सालांच्या फलकांची हिमनदी

जूनच्या प्रारंभी जळगावच्या दाहातून निघालेला प्रवासी अलास्कातील सेवर्ड या निवांत बंदरी उतरतो, तेव्हा त्याला आधी शाल शोधावी लागते. गावापासून सुमारे २० किलोमीटरवर एक्झिट हिमनदी आहे. वाटेवर १९१७, १९२६, १९५१ असे नुसत्या सालांचे फलक लागतात; त्या त्या वर्षी बर्फ तेथवर होता. आता तेथे झाडी आहे. रोजमेळ चाळणाऱ्या व्यापाऱ्याला ही नोंद लगेच उमगते: वरच्या हार्डिंग हिमक्षेत्रातून येणाऱ्या जमेपेक्षा वितळण्याचा खर्च मोठा. २०१० च्या फलकापाशी पोहोचूनही हिमकडा दूरच राहतो. परतताना रात्रीचे अकरा वाजले तरी सूर्य मावळलेला नसतो. चौविहार पाळणाऱ्याने खाकऱ्याचा डबा घड्याळ पाहून मिटावा, की आकाश पाहून?