सपाट पाय: आधी चवड्यांवर उभं करून पाहा

लेक आंघोळ करून येते, फरशीवर तिच्या ओल्या पावलांचा अख्खा ठसा उमटतो आणि व्हिडिओ कॉलवरून आजी म्हणते, "अगं, हिचे पाय फताडे आहेत की!" मग महागड्या इनसोलची शोधाशोध सुरू होते, नाहीतर पीईच्या तासाला न खेळण्याची चिठ्ठी जाते. त्याआधी एक सोपी चाचणी करा.

मुलाला अनवाणी उभं करा आणि आता चवड्यांवर उभं राहायला सांगा. तळव्याखाली कमान दिसली तर पाय लवचीक आहे. तो दुखत नसेल तर सहसा उपचार लागत नाहीत. सपाट पायांना सैन्यात घेत नाहीत, असं आपण ऐकत आलो. पण भारतीय सैन्याच्या वैद्यकीय निकषांतही चवड्यांवर कमान येणारा, लवचीक, न दुखणारा पाय चालतो.

पाय दुखत असेल तर? वाढीच्या वयात पोटऱ्या ताठरतात आणि कमानीवर ताण येतो. फिजिओथेरपिस्ट साधारण तीन व्यायाम देतात. पहिला, भिंतीला हात टेकून, मागच्या पायाची टाच न उचलता पोटरीला ताण द्यायचा, ३० सेकंद. दुसरा, टाचा सावकाश वर-खाली, १० वेळा. तिसरा, बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलायची आणि ५ सेकंद धरायची. फरक दिसायला काही आठवडे जातात. इनसोलमुळे दुखणं कमी होऊ शकतं, पण त्यानं कायमची कमान तयार होत नाही.

भारतात २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२मध्ये निष्कर्ष छापले. पादत्राणं घालणाऱ्यांत ८.६ टक्के मुलांचे पाय सपाट होते, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. इथल्या थंडीत बाहेर बूट हवेतच, पण घरात मुलांना अनवाणी वावरू द्या.

आता काळजीचं. चवड्यांवर उभं राहूनही कमान येत नसेल, एकच पाय सपाट असेल, घोटा ताठर असेल किंवा वारंवार मुरगळत असेल, तर घरगुती व्यायामात वेळ घालवू नका. कधी पायातली दोन हाडं जन्मतःच जोडलेली असतात आणि त्रास ८ ते १६ वर्षांच्या सुमारास सुरू होतो. जीपीला दाखवा, एक्स-रे लागू शकतो.

दुखणाऱ्या पायासाठीही एनएचएसमध्ये जीपीकडे जाता येतं, आणि काही भागांत जीपीशिवाय थेट फिजिओथेरपी किंवा पोडियाट्री सेवेकडेही नाव नोंदवता येतं. खाजगीत जाणार असाल तर फिजिओथेरपिस्ट किंवा पोडियाट्रिस्टचं नाव एचसीपीसीच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी तपासा. ते मोफत आहे.

आणि हो, चाचणी झाली की आजीला फोन करून निकाल नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!