मोरियाच्या वाटेवरील तीन दिवस

रोश हशाना, म्हणजे आमचा नव्याचा सण, आला की दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये उत्पत्तीचा 22 वा अध्याय वाचला जातो. आब्राहाम आपल्या इसहाकास घेऊन मोरिया पर्वताकडे निघतो, तीच ही कथा. आमच्यापैकी पुष्कळांनी ती प्रथम मराठीतच ऐकली. मुंबईच्या बेने इस्राएल कीर्तनकारांनी 1880 नंतर बायबलातील चरित्रे टाळ-पेटीच्या साथीवर लोकांपुढे आणली, हे वाचकांस ठाऊकच आहे.

लहानपणी आमचे सारे लक्ष सुरीकडे असे. आता ते तीन दिवसांच्या वाटचालीकडे जाते. सुरी उगारणे क्षणाचे काम. पण पहाटे उठून गाढवावर खोगीर घालायचे, लाकडे फोडायची, आणि तीन दिवस मुलाच्या शेजारून चालायचे! सदोमाच्या लोकांसाठी पन्नासापासून दहापर्यंत परमेश्वराशी घासाघीस करणारा हा गृहस्थ स्वतःच्या मुलासाठी मात्र एक शब्द बोलत नाही. विस्तव आहे, लाकडे आहेत, पण कोकरू कुठे, असे मुलगाच विचारतो.

कोकणातल्या शेजाऱ्यांकडे आम्ही चिलयाबाळाची कथाही ऐकली आहे. तेथे बाळाचा बळी जातो नि मग तो जिवंत होतो. मोरियावर हात वरच्यावर धरला जातो, आणि झुडपात शिंगे अडकलेला एडका बळी जातो. राशी तर म्हणतो की आज्ञा मुलाला वर नेण्याची होती, कापण्याची नव्हतीच. पुढे यिर्मयानेही बजावले की मुलांचे होम करणे परमेश्वराच्या मनातसुद्धा आले नव्हते. तेव्हा ही कसोटी मारण्याची की थांबण्याची, असा प्रश्न आम्हांस पडतो. आमचे मत विचाराल तर, उगारलेला हात ऐनवेळी खाली घेणे हेच अधिक कठीण होते.

या देशात हा प्रश्न पोथीत राहत नाही. अठराव्या वर्षी मुले लष्करात जातात. मुलगा धारातीर्थी पडला की हिब्रू कवी नि नाटककार याच कथेकडे वळतात, कोणी अभिमानाने, कोणी संतापाने. पहाटे डबा बांधून मुलाला बसथांब्यावर पोचवणाऱ्या बापाला ते तीन दिवस समजावून सांगावे लागत नाहीत.

आणि आई? चिलयाच्या कथेत चांगुणेला निदान सर्व ठाऊक असते. सारेला कोणी विचारलेच नाही. आब्राहाम परत आल्याचे अध्यायात आहे, इसहाकाचे नाव तेथे नाही; आणि पुढचा अध्याय उघडतो तो 127 वर्षांच्या सारेच्या मृत्यूने. मिद्राशात म्हटले आहे की ही बातमी कानी पडताच तिने सहा किंकाळ्या फोडल्या आणि प्राण सोडला. शोफारचे सहा नाद म्हणजे त्याच किंकाळ्या. एडक्याचे शिंग वाजू लागले की आमच्या बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतात.