बारा मिनिटांत अक्कल किती मोजता येते?

पहाटे कपिलधारच्या दरीतून मांजरसुंब्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसतात. त्यांना विचारायची गरज नसते. ती भरतीची पोरं असतात. पोलीस शिपाई व्हायचं तर सध्याच्या पद्धतीत आधी मैदान मारावं लागतं: सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मिळून ५० गुण. त्यातून पुढे गेलेल्याची १०० गुणांची लेखी परीक्षा ९० मिनिटांत होते आणि अंकगणित, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण यांच्या जोडीला तिथे बुद्धिमत्ता चाचणी असते. संख्यामालिकेत पुढची संख्या कोणती, पूर्वेकडे तोंड करून उभा असलेला माणूस दोनदा डावीकडे वळला तर आता कुठे पाहतो, असले प्रश्न. शिष्यवृत्तीपासून नवोदयपर्यंत मराठवाड्यातल्या मुलांच्या पाचवीलाच ही चाचणी पुजलेली असते. ती मुलांना जमते का, याची चर्चा घरोघर चालते. अंगमेहनतीच्या, पण डोकं शाबूत ठेवावं लागणाऱ्या कामासाठी माणूस निवडताना या गुणांना काही अर्थ आहे का, हे मात्र आपण क्वचित विचारतो. अमेरिकेने हा प्रश्न आपल्या सर्वांत श्रीमंत खेळात कित्येक दशकं विचारला आणि त्याचं उत्तर मिळण्याइतके आकडे आपसूक जमवून ठेवले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. आपल्याकडे त्याला नेमका जोड नाही. यष्टिरक्षक असलेला कर्णधारच प्रत्येक चेंडूला फलंदाजीही करतोय अशी कल्पना केली तर थोडंफार जमेल. संघाच्या डावपेचांची जाडजूड वही त्याला पाठ असावी लागते. चेंडू हातात आला की समोरून अंगावर येणारे राक्षस, धावणारे आपले गडी आणि त्यांना झाकायला निघालेले प्रतिस्पर्धी हे सगळं पाहून साधारण अडीच-तीन सेकंदांत चेंडू कुणाकडे टाकायचा ते ठरवायचं. एवढं डोकं चालवायचं तर डोकंच का मोजू नये, हा विचार साहजिक होता. डॅलस काउबॉइज संघाचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी कारखान्यांतल्या आणि कचेऱ्यांतल्या नोकरभरतीसाठी तयार झालेली ‘वंडरलिक’ चाचणी फुटबॉलमध्ये आणली. ५० प्रश्न, १२ मिनिटं. पुढे नॅशनल फुटबॉल लीगच्या वार्षिक निवड-चाचणीत ती ठरूनच गेली आणि २०२२ साली लीगने ती बंद केली.

मधल्या काळात वर्तमानपत्रांना फुटलेल्या गुणांचा एक वेगळाच खेळ सुरू झाला. क्वार्टरबॅकांची सरासरी २४च्या आसपास सांगितली जाई, सर्वसाधारण नोकरी-उमेदवाराची २१च्या आसपास. डॅन मरिनो आणि टेरी ब्रॅडशॉ यांच्या नावावर १५-१६ गुण सांगितले जातात, आणि दोघंही या खेळाच्या सन्मान-दालनात आहेत. लमार जॅक्सनचे १३ गुण छापून आले. त्याने २०१९ आणि २०२३ या दोन हंगामांत लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. हार्वर्डमध्ये शिकलेल्या रायन फिट्झपॅट्रिकचे ४८. तो दीर्घकाळ खेळला, चांगला खेळला, पण पहिल्या रांगेत कधी बसला नाही. ५० पैकी ५० मिळवणारा म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो पॅट मॅकिनॅलीही हार्वर्डचाच. तो चेंडू लाथेने दूर धाडायचं काम करत असे. किस्से म्हणून हे झकास आहेत, पण किश्श्यांवरून निवाडा करू नये. व्हिन्स यंगचे गुणही कमी असल्याचं गाजलं होतं आणि त्याची कारकीर्द अपेक्षेच्या मानाने लवकर आटोपली. चाचणीची बाजू घेणारा नेमकं हेच नाव पुढे करेल.

किस्से बाजूला ठेवून आकडे पाहिले तर २००९ साली ब्रायन लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या निवडीतल्या ७६२ खेळाडूंचे गुण त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीशी ताडून पाहिले. संबंध जवळजवळ शून्य निघाला. दोन जागांवरच्या खेळाडूंत तर तो थोडा उलटा होता. जास्त गुणवाले किंचित कमी चमकले. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली फक्त क्वार्टरबॅक घेतले आणि त्यांनाही वंडरलिकच्या गुणांतून पुढच्या कामगिरीचा धड अंदाज लागला नाही. ज्या जागेसाठी चाचणी सर्वांत जास्त लागू पडेल असं वाटत होतं, तिथेच ती मुकी ठरली.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाणं बरोबर नाही. संख्याशास्त्रज्ञ म्हणेल, तुम्ही मोजताय ती माणसं आधीच चाळणीतून आलेली आहेत. महाविद्यालयात चार वर्षं डावपेच पचवू न शकलेला पोरगा या चाचणीपर्यंत पोचलाच नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलपटूंमध्ये उंची आणि कौशल्य यांचा संबंध शोधला तर तो फिकाच दिसेल, कारण तिथे बुटका कुणी उरलेलाच नसतो. म्हणून उंचीला किंमत नाही असं कुणी म्हणणार नाही. आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण त्यातून चाचणीचं समर्थन होत नाही, उलट होतं. बुद्धी हवीच, पण ती गाळून घेण्याचं काम वर्षानुवर्षांच्या खेळाने आधीच केलेलं असेल, तर शेवटच्या दारात उभं राहून २१ आणि २८ यांतला फरक मोजण्यात काय हशील? संघाला निवड करायची असते ती दारापर्यंत आलेल्यांतून. त्यांच्यात ही चाचणी फरक करू शकत नाही, आणि प्रश्न तेवढाच होता.

दुसरी बाजू बुद्धिबळाची. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवून ती आठवायला सांगितली. मुरलेल्या खेळाडूने नवख्याला सहज मागे टाकलं. मग सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून मांडल्या, तेव्हा मुरलेल्याची आघाडी जवळपास नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती मुळात तीव्र होती असं नव्हे. हजारो डावांतून त्याला आकृत्या ओळखू येत होत्या. पुढे २००७ साली मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्या लहान मुलांचा बुद्ध्यंक तपासला. सगळ्या मुलांत सराव हाच सर्वांत मोठा घटक निघाला आणि त्यातल्या अव्वल मुलांच्या गटात जास्त बुद्ध्यंकाचा फायदा दिसलाच नाही. निव्वळ डोक्याचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाची ही कथा. मग ज्या खेळात धूळ, धक्के आणि ओरडा आहे तिथे वेगळं काय होणार?

६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. दक्षिण आफ्रिकेच्या २४४ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ अशी झाली होती. त्यानंतर बीडच्या सचिन धसने ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी केली आणि भारत दोन गडी राखून जिंकला. त्या डावात बुद्धी नव्हती असं म्हणण्याची कुणाची छाती होईल? कोणत्या गोलंदाजाला थोपवायचं, एक धाव कुठे चोरायची, धावगती हाताबाहेर जाण्याआधी कधी उचलायची, हे सगळे हिशेबच होते. पण ते हिशेब मालिकेतली पुढची संख्या शोधण्याच्या जातीचे नाहीत. लहानपणापासून हजारो चेंडू खेळून डोळ्यांत आणि पायांत मुरलेल्या ओळखीचे ते हिशेब आहेत, आणि ती ओळख तपासायची तर चेंडूच टाकावा लागतो.

मग खेळाला जवळची अशी दुसरी चाचणी शोधावी, असं कुणी म्हणेल, आणि ते चूक नाही. स्वीडनमध्ये टोर्ब्योर्न वेस्टबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली फुटबॉलपटूंची, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधल्या खेळाडूंची, झटपट नव्या रचना सुचण्याची आणि एका विचारावरून दुसऱ्यावर जाण्याची क्षमता तपासली. वरच्या श्रेणीतले खेळाडू सरस निघाले आणि त्या गुणांचा पुढच्या गोल-साहाय्यांशीही संबंध दिसला. ही दिशा आशादायक आहे. पण अमेरिकेत वंडरलिकच्या जागी आलेल्या ‘एस टू’ या संगणकीय चाचणीचं काय झालं? २०२३ साली सी. जे. स्ट्राउडला तिच्यात शंभरात अठरावी पायरी मिळाल्याचं आणि ब्राइस यंगला अठ्ठ्याण्णवावी मिळाल्याचं फुटलं. स्ट्राउड त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. यंगच्या संघाने सतरापैकी दोन सामने जिंकले. चाचणीवाल्यांनी फुटलेले आकडे बरोबर नसल्याचं म्हटलं आणि संघाच्या पराभवाचं खापर एकट्या खेळाडूवर फोडता येत नाही, म्हणून यावर फार मोठा इमला बांधू नये. एवढंच दिसतं की खेळाच्या जवळची चाचणीसुद्धा वर्षानुवर्षं निकालांशी ताडल्याशिवाय भरवशाची होत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप खेळाबाहेरचा आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून दाखवलं की साऱ्या नोकऱ्या मिळून पाहिल्या तर सर्वसाधारण बुद्धिमत्ता कामगिरीचा चांगला अंदाज देते. त्यांनी काढलेला सहसंबंध ०.५१ होता. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तोच हिशेब नव्याने मांडला, तेव्हा तो ०.३१वर उतरला. ०.३१ म्हणजेही काहीच नाही असं नव्हे. शिपायाला फिर्याद नोंदवावी लागते, पंचनामा लिहावा लागतो, कलमं लक्षात ठेवावी लागतात. तिथे वाचता-लिहिता-समजता येण्याची परीक्षा हवीच. पण ‘काहीसा उपयोग आहे’ आणि ‘अर्ध्या गुणाने खालचा बाहेर’ यांत मोठं अंतर आहे. याच वंडरलिकबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ड्यूक पॉवर कंपनीच्या खटल्यात निकाल दिला: चाचणीमुळे एखादा समाजगट बाहेर फेकला जात असेल, तर तिचा कामाशी संबंध असल्याचं मालकाने सिद्ध करावं. आणि गमतीची गोष्ट अशी की त्याच देशातल्या न्यू लंडन शहराने पोलीस भरतीत ३३ गुण मिळवलेल्या उमेदवाराला जास्त हुशार म्हणून नाकारलं. असा माणूस कामाला कंटाळून सोडून जातो, अशी त्यांची समजूत होती. २००० साली वरच्या न्यायालयानेही शहराची बाजू उचलून धरली. एकाच कागदावरचे गुण एकीकडे कमी म्हणून नडतात, दुसरीकडे जास्त म्हणून.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण हे गुण शाळेच्या पायावर उभे असतात. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये केलेल्या एकत्रित अभ्यासात शाळेतल्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यंक एक ते पाच गुणांनी वाढल्याचं दिसलं. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबांतली मुलं दिवाळीच्या सुमारास शाळेतून उठतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामी वसतिगृहांनी काहींना गावात राखलं, सगळ्यांना नाही. अशा मुलाचे कमी गुण पाहून त्याची समज कमी, असं म्हणणारा त्याच्या बुडालेल्या वर्षांना बुद्धी समजतो आहे. हा धोका जुन्या माणसांना कळत नव्हता असं नाही. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी केली ती शाळेत मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी तिचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं, त्यांचं पुस्तक १९४० साली आलं, आणि बिने-कामत चाचणी आजही मुलांची अडचण समजून घ्यायला वापरली जाते. मदत कुणाला हवी हे विचारणारं साधन नोकरी कुणाला नाकारावी हे सांगू लागलं की त्याचा तोल जातो.

इथे मराठी वाचक खडा सवाल करेल, आणि तो रास्त आहे: मुलाखत ठेवायची का मग, म्हणजे वशिल्याला मोकळं रान? कागदावरची परीक्षा निदान गरिबाच्या पोराला वशिल्यापासून वाचवते. वाचवतेच. हजारो अर्जांतून थोडे निवडायचे तर काहीतरी निःपक्ष वापरावं लागणारच. तसं असेल तर ती निःपक्ष गाळणी आहे असं उघड म्हणावं. ती गुणवत्तेचं मोजमाप असल्याचा आव आणू नये. किमान पातळीची अट ठेवावी, आणि त्या पातळीच्या वर बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर गुणवत्ता यादीचा सारा भार टाकू नये.

शरीराच्या चाचण्यांनाही हाच नियम लागतो. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं निवडताना उंची, वजन, तीस मीटर, आठशे मीटर, मेडिसिन बॉल, शटल रन, उभी उडी, लवचिकता हे तपासतात; बुद्धिमत्ता चाचणी नसते, आणि ते योग्यच आहे. पण आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्टीपलचेसकडे वळला, २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनींचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं. शाळकरी वयातल्या कुठल्या तक्त्यात हे दिसलं असतं? पाटोद्याच्या राहुल आवारेला २०१८च्या राष्ट्रकुल सुवर्णानंतर शासनाने थेट पोलीस उपअधीक्षक नेमलं. तिथे मॅटवरची कामगिरी पुरेशी मानली.

नॅशनल फुटबॉल लीगजवळ गुण होते आणि कामगिरीही होती, म्हणून दोन्ही एकमेकांसमोर ठेवता आले. आपल्या पोलीस दलाकडेही दोन्ही आहेत: भरतीतले विषयवार गुण, प्रशिक्षण विद्यालयातल्या आतल्या वर्गाचे आणि कवायत-मैदानाचे निकाल, पुढे सेवापुस्तकातली बक्षिसं आणि शिक्षा. नावं झाकून हे तीन रकाने एखाद्या विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाकडे दिले तर बुद्धिमत्ता चाचणीचा भाग कशाचा अंदाज देतो आणि कशाचा देत नाही, ते कळेल. तो अंदाज देत असल्याचं दिसलं, तर त्याचे गुण वाढवायलाही हरकत नाही.