विषय झाकलेला, माणूस उघडा

तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही मेडिकलमध्ये संध्याकाळी तासभर उभे राहिले, तर काही प्रसंग हमखास बघायला मिळतात. एक मावशी सांगतात, "मागच्या खेपेला दिल्या होत्या त्याच गोळ्या द्या. पांढऱ्या होत्या बघा, मधे रेघ असलेल्या." दुकानदाराच्या पाठीमागच्या कपाटात अशा रेघवाल्या पांढऱ्या गोळ्या शेकड्याने असतात. एक तरुण आधी बाम घेतो, मग खोकल्याच्या गोळ्या घेतो, गर्दी ओसरायची वाट बघतो आणि शेवटी बोटानेच कपाटाकडे खूण करतो. काउंटरवरच्या पोऱ्याला खूण कळत नाही. तो मोठ्याने विचारतो, "काय पाहिजे? बोला की, दादा!" आणि दुकानातल्या सगळ्यांच्या माना वळतात. सॅनिटरी पॅडचे पाकीट आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत जाते. त्यामुळे बाजारपेठेतून काळी पिशवी घेऊन कोणी चालले, की आत काय आहे ते न सांगता कळते. हे किस्से मेडिकलवाले एकमेकांना सांगतात, ऐकणारे हसतात आणि हसता हसता निष्कर्ष काढतात, की गिऱ्हाईक अडाणी आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. हे अवघडलेपण ज्या व्यवस्थेतून येते तिच्यात विषय झाकला जातो आणि माणूस उघडा पडतो. हवे ते नेमके याच्या उलट, आणि आपल्या महाराष्ट्रात तसे करून दाखवलेले एक गाव आहे.

ते गाव म्हणजे नगर तालुक्यातले हिवरे बाजार. पर्जन्यछायेतला प्रदेश, वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर पाऊस. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि त्यानंतर हे गाव आदर्श गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावाची ख्याती पाण्यामुळे झाली, पण इथे मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची पद्धत. पाऊस किती झाला, पाणी किती मुरले, पिण्यासाठी किती राखायचे आणि उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी फार पाणी ओढणारी पिके घ्यायची नाहीत, हे गावाने बोलून ठरवले. आदर्श गावाच्या सूत्रांत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांच्याबरोबर नसबंदीही आहे. लग्नाआधी मुलामुलींची एचआयव्ही तपासणी करून घ्यायची, हाही या गावाचा निर्णय. जो शेतकरी मिलिमीटरमधला पाऊस आणि त्यावरचे पाणी-अंदाजपत्रक समजून घेतो, त्याला गोळ्यांच्या पाकिटावरची चार ओळींची सूचना समजणार नाही, असे मानायला काही आधार नाही. पावसाचा आकडा त्याला कोणीतरी त्याच्या भाषेत, त्याच्या कामाशी जोडून, पुन्हा पुन्हा सांगितला. गोळीविषयी असे बसून कोणी सांगितले नाही.

समजुतीतल्या चुकांवर सर्वात जास्त विनोद होतात, म्हणून आधी त्याच घेऊ. दम्याच्या औषधाची कॅप्सूल यंत्रात घालून श्वासाबरोबर ओढायची असते. माणूस ती पाण्याबरोबर गिळून टाकतो. 'खेड्यातला माणूस, त्याला काय कळणार' या शीर्षकाखाली हा किस्सा रंगतो. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००८ मध्ये नेमक्या याच चुकीबद्दल जाहीर सूचना काढावी लागली होती, कारण तिथलेही रुग्ण श्वासातून घ्यायच्या कॅप्सूल गिळत होते. ज्याने आयुष्यभर प्रत्येक कॅप्सूल गिळलेली आहे, तो नवी कॅप्सूलही गिळणारच. ही वेगळी आहे, हे सांगण्याची जबाबदारी देणाऱ्याची. अमेरिकेतच २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी वाचता येणाऱ्या रुग्णांपैकी साधारण ७१ टक्के लोकांनी बरोबर सांगितली. पण 'मग दिवसभरात किती गोळ्या घ्याल, मोजून दाखवा' असे म्हटल्यावर जेमतेम ३५ टक्क्यांनी बरोबर मोजून दाखवल्या. 'कळलं का?' या प्रश्नाला 'हो' म्हणणे आणि प्रत्यक्ष कळणे यांत एवढे अंतर असते. आपल्या काउंटरवर तर 'कळलं का?' हेही बहुतेक वेळा विचारले जात नाही.

त्यात आपल्या दुकानदारीच्या सवयी भर घालतात. पैसे कमी असले की गिऱ्हाईक 'चारच गोळ्या द्या' म्हणते आणि दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. एक्स्पायरी आणि बॅच नंबर पट्टीच्या एका टोकाला छापलेले असले तर ते टोक कधी दुकानात राहते, कधी गिऱ्हाइकाकडे जाते. औषधाचे नाव तर मधूनच कापले जाते. पुढच्या खेपेला तेच गिऱ्हाईक पट्टीचा उरलेला तुकडा दाखवते, त्यावर नावाची शेवटची दोन अक्षरे असतात आणि दोघेही तो तुकडा उजेडात धरून कोडे सोडवत बसतात. दृश्य गमतीचे आहे, पण गिऱ्हाइकाने यात काय चूक केली? नाव त्याच्या हाती दिलेच नव्हते. रंग आणि आकार एवढीच ओळख त्याच्याकडे उरली, तर तो रंग आणि आकारच सांगणार. दुसऱ्या कंपनीची तीच गोळी गुलाबी निघाली की तो घाबरून परत येतो. हे घाबरणे शहाणपणाचे आहे; हातातली गोळी बदलली, हे त्याने पाहिले आणि तो विचारायला आला. अनेक मेडिकलवाले खाकी पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र अशा रकान्यांत पेनाने खुणा करून देतात. तिथे औषधाचे नाव आणि 'कशासाठी' हे दोन शब्द मराठीत लिहिले, तर निम्मी कोडी पडणारच नाहीत.

दुसरी जात लाजेच्या प्रसंगांची. इथे माहितीपेक्षा जागा कमी पडते. आपले मेडिकल म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेला, कमरेएवढा काउंटर. त्याला टेकून चार-पाच माणसे, पैकी दोघे ओळखीचे. हिवरे बाजारसारख्या दीड हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावातला माणूस नगरच्या बाजारात गेला, तरी ओळखीचे भेटतातच. अशा काउंटरवर मूळव्याधीचे मलम, गरोदरपणाच्या चाचणीचे किट किंवा निरोध मागणे म्हणजे चावडीवर जाऊन सांगण्यासारखे आहे. सरकार १९६८ पासून निरोधचा प्रचार करते आहे, तरी काउंटरवर ते नाव तोंडातून फुटत नाही. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी २०१८ मध्ये हटला, २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत 'सुविधा' पॅड एक रुपयाला मिळू लागले; किमतीचा प्रश्न सोडवायला दिल्लीत निर्णय झाले, पण काळी पिशवी सुटली नाही, कारण ती सोडवण्याचे काम दिल्लीचे नव्हे. लाजेपेक्षा गंभीर गोष्ट शेड्यूल एच-वन या औषधांच्या यादीची आहे. २०१४ पासून या यादीतली औषधे देताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर रोखण्यासाठी नियम योग्यच आहे. पण त्या यादीत क्षयरोगाची औषधेही आहेत. 'पेशंटचं नाव काय?' हा प्रश्न रांगेच्या समोर खणखणीत आवाजात विचारला गेला, की ज्या आजाराने सोयरिकी मोडतात तो आजार गावभर होतो. मग माणूस खोटे नाव सांगतो, किंवा दूरच्या दुकानात जातो, किंवा गोळ्याच सोडतो. वही भरते आणि नियमाचा हेतू मात्र हुकतो.

इथे हिवरे बाजारचे उदाहरण दोन्ही बाजूंनी तपासायला हवे. ग्रामसभेत नसबंदीवर आणि एचआयव्हीवर बोलणे हे मोठे धाडस होते; ज्या विषयावर घरात बोलत नाहीत तो विषय गावाने पाणी आणि चाऱ्याच्या रांगेत आणून बसवला. पण तपासणी सक्तीची करण्याला माझी हरकत आहे, आणि कायद्याचीही दिशा वेगळी आहे. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा तपासणीसाठी माणसाची समजून-उमजून दिलेली संमती मागतो आणि निकाल गुप्त ठेवायला सांगतो. मोकळी चर्चा आणि ही गुप्तता एकमेकींना छेद देत नाहीत. विषयावर सगळ्यांनी मोकळेपणाने बोलावे आणि कोणाचा निकाल काय आला हे त्याचे त्यालाच कळावे, अशी ही विभागणी आहे. गावाकडून घ्यायचा धडा मोकळ्या चर्चेचा. सक्ती तिथेच सोडून द्यावी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या मोकळेपणाचा फायदा दिसला. मे २०२१ मध्ये घरोघर तपासणी आणि लक्षणे असलेल्यांचे विलगीकरण या मार्गाने हिवरे बाजार कोरोनामुक्त झाल्याचे राज्यभर गाजले. अंगात ताप आहे हे लपवण्यापेक्षा सांगणे जिथे सोपे असते, तिथेच असे काही साधते. आजार सांगितल्याने माणूस लहान होत नाही, ही खात्री आधी तयार व्हावी लागते, आणि ती वर्षानुवर्षांच्या बोलण्यातून तयार होते.

यावर मेडिकलवाल्यांचा आक्षेप असा, की बोलायला वेळ कुठे आहे? दराचे नियंत्रण असलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला जातो; त्यात भाडे, वीज, पगार आणि उधारी. गर्दीच्या वेळी प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलणे परवडत नाही, हे खरे आहे. पण गरज प्रत्येकाशी बोलण्याची नाही. नवे औषध, वेगळ्या पद्धतीने घ्यायचे औषध आणि लहान मुलाचे औषध, एवढ्या तीनच वेळी अर्धा मिनिट जास्त द्यायचे आणि 'कसं घ्याल ते मला सांगा' एवढे विचारायचे. शिवाय हे उपकाराचे काम नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम ठरवले आहे. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच, असा आग्रह धरला गेला. तेव्हा औषधविक्रेत्यांनी जोरदार विरोध केला होता. तो वाद हजेरीचा होता. पण हजर फार्मासिस्ट तोंड उघडत नसेल, तर भिंतीवरच्या फ्रेममधले प्रमाणपत्र आणि तो यांत रुग्णाच्या दृष्टीने फरक काय?

दुसरा आक्षेप उलट दिशेचा: मेडिकलवाला बोलू लागला तर लोक डॉक्टरकडे जाणेच बंद करतील, आधीच त्याला 'डॉक्टर' म्हणून हाक मारतात आणि 'तुम्हीच द्या काहीतरी' म्हणतात. भीती रास्त आहे. पण 'काहीतरी द्या' म्हणणाऱ्याला न बोलता दोन गोळ्या काढून देणे हा आजचा रिवाज आहे आणि खरा धोका त्यात आहे. बोलणारा फार्मासिस्ट पहिला प्रश्न विचारेल, 'किती दिवस झाले?' आणि उत्तर ऐकून सांगेल, 'मावशी, हे गोळीचं काम नाही, डॉक्टरला दाखवा.' औषध नाकारताना तर बोलण्याची जास्तच गरज असते. न बोलता नाकारले की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. तिसरा आक्षेप तरुणांचा: आता सगळे मोबाईलवर मागवता येते, लाजायचा प्रश्नच मिटला. ज्याला पत्ता, पैसे आणि इंग्रजी नावे जमतात त्याचा मिटला असेल. घरपोच आलेल्या खोक्याला मात्र 'ही कॅप्सूल गिळायची की ओढायची' असे विचारता येत नाही. लाज टळली, पण गैरसमज खोक्याबरोबर घरात आला.

चौथा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. हिवरे बाजारला पोपटराव पवार मिळाले, सगळ्या गावांना मिळत नाहीत. मान्य. म्हणूनच मी जे मागतो आहे ते एका माणसाच्या कर्तृत्वावर अवलंबून नसावे. काउंटरच्या एका टोकाला हातभर जागा अशी ठेवावी, जिथे उभ्या असलेल्या माणसाशी फक्त फार्मासिस्ट हळू आवाजात बोलेल. शेड्यूल एच-वनची नावे प्रिस्क्रिप्शन पाहून वहीत उतरवावीत, ओरडून विचारू नयेत. पट्टी कापायची तर नाव आणि एक्स्पायरी पाकिटावर लिहून द्यावी. पॅडचे पाकीट इतर सामानाच्या पिशवीतच जावे. ग्रामसभेत वर्षातून एकदा तालुक्यातल्या फार्मासिस्टला बोलावून औषध कसे घ्यावे, कसे ठेवावे, कोणते स्वतःहून घेऊ नये, यावर तासभर बोलू द्यावे. २५ सप्टेंबर हा जागतिक फार्मासिस्ट दिन त्यासाठी सोयीचा आहे. यातल्या कशालाही अनुदान लागत नाही, ठराव लागला तर एक लागेल. एवढे झाले तर मेडिकलमधले हसू संपेल, असे मला वाटत नाही. माणसे चुकीचे शब्द वापरतील, खुणा करतील आणि हसतीलही. फक्त त्या हसण्यात गिऱ्हाईकही सामील असेल, आणि घरी जाताना त्याच्या हातात बरोबर औषध आणि ते घ्यायची बरोबर रीत असेल.