कपाटातले टेक

तबकडीवर आलेले गाणे म्हणजे अनेक ‘टेक’मधून निवडलेला एक. उरलेले कंपनीच्या कपाटात जातात. त्यांची टेप बाहेर फुटली की रसिक प्रतींवर प्रती काढतात. बॉब डिलनच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांची ‘ग्रेट व्हाइट वंडर’ ही तबकडी १९६९ मध्ये अशीच चोरवाटेने निघाली.

बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ‘द इनर लाइट’चे वादन भारतीय कलावंतांकडून करवून घेतले; गायन पुढे लंडनमध्ये झाले. मार्चमध्ये तबकडी आली, तिच्या लेबलवर या वादकांची नावे नव्हती. निव्वळ वादनाचा पर्यायी टेक अधिकृतपणे ऐकायला मात्र २०१४ साल उजाडावे लागले. चोरटी प्रत बेकायदा खरीच. पण शब्दांआड दडलेली सरोद, बासरी सुटी ऐकण्याचा मोह कोणाला आवरेल?