धारवाडचं गाणं पुण्याने पळवलं?

हुबळी-धारवाड रस्त्यावर उणकलला डॉ. गंगूबाई हनगल यांच्या नावाचं गुरुकुल आहे. या भागात गाण्याचा विषय निघाला की एक हळहळ हमखास कानावर येते: आपले गुणी गवई पैशासाठी शेजारच्या श्रीमंत राज्यात गेले आणि धारवाड ओस पडलं.

यातलं ‘शेजारचं राज्य’च आधी तपासायला हवं. भीमसेन जोशी १९४३ साली मुंबईला रेडिओवर गायला गेले, तेव्हा धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. मधली सीमा आखली गेली १ नोव्हेंबर १९५६ रोजी.

दुसरा समज असा, की विद्या इथली आणि ती तिकडे गेली. खरं तर विद्या दोन्ही बाजूंनी फिरत होती. अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे. ते मिरजेला स्थायिक झाले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर मराठी रंगभूमीवर ‘सवाई गंधर्व’ झाले आणि पुढे कुंदगोळला परतून शिकवू लागले. मल्लिकार्जुन मन्सूर यांना आधी मिरजेचे नीलकंठबुवा भेटले, मग अल्लादिया खाँचे मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ. भीमसेन तर अकराव्या वर्षी घरातून पळाले, ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत गुरू शोधत भटकले. जालंधरला विनायकराव पटवर्धनांनी त्यांना सांगितलं, सवाई गंधर्वांकडे जा. ज्यांच्यासाठी एवढी वणवण केली, ते गुरू त्यांच्या गदगपासून जवळच, कुंदगोळला होते!

आणि सगळे गेले, हेही खरं नाही. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकायला जात. २००९ साली त्यांनी देह ठेवला तोही हुबळीतच. मन्सूर आणि बसवराज राजगुरू धारवाडलाच राहिले. मुंबई-पुण्याच्या मैफली करायच्या, बिदागी घ्यायची आणि घरी परतायचं, असं त्यांचं आयुष्य. १९५० साली धारवाडला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, त्याचाही कलावंतांना आधार झाला.

पैशाचा भाग मात्र नाकारता येत नाही. रेडिओ, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या, तिकीट काढून येणारे श्रोते हे सगळं आधी मुंबई-पुण्यात होतं. गाण्यावर घर चालवायचं तर तिथे जावं लागे. त्याला लोभ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय प्रत्येक स्थलांतरामागे कमाईच असते असंही नाही: बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली देवासला गेले ते क्षयाच्या आजारामुळे, तिथल्या कोरड्या हवेसाठी.

भीमसेन पुण्यात राहिले, पण गुरूला विसरले नाहीत. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव उभा राहिला. इकडे कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी रात्रभर गाणं चालतं.