पेढीचा संगणक : जोडणी, दूरप्रवेश व दक्षता

पूर्वी पेढीच्या वह्या पेढीतच राहत. रोजमेळ, खतावणी व उधारीची वही सायंकाळी लाल कापडात बांधून कपाटात ठेवीत आणि कपाटाची किल्ली मालकाच्या कमरेला असे. एखादे खाते पाहावयाचे झाल्यास पेढीवर जाण्यावाचून गत्यंतर नसे. आज त्याच वह्या संगणकात आहेत. दुकान एकीकडे, गोदाम दुसरीकडे, करसल्लागार तिसरीकडे, अशा स्थितीत बसल्या जागेवरून खाते पाहता यावे ही इच्छा स्वाभाविकच होय. ती सोय कशी करावी आणि करताना कपाटाची किल्ली कोणाच्या हाती जाते, याचे विवेचन सभासद बंधुभगिनींसाठी येथे करीत आहोत.

प्रथम दुकानातल्या दुकानातील जोडणी पाहू. इंटरनेट कंपनीची तार जेथे येते, तेथे राउटर नावाची लहानशी पेटी असते. तिला जोडलेल्या प्रत्येक यंत्रास ती एक अंकी पत्ता देते. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२०. हे अंक केवळ अंतर्गत वापराचे असून लक्षावधी घरांतून व दुकानांतून तेच अंक एकाच वेळी वापरात असतात. प्रत्येक वाड्यात ‘खोली क्रमांक दोन’ असते, तसेच हे आहे. पोस्टमनला आधी वाड्याचा पत्ता लागतो. तो बाहेरचा पत्ता कंपनीकडून राउटरला मिळतो.

हिशेबाचा संगणक शक्यतो वायफायवर न ठेवता तारेनेच राउटरला जोडावा. ही तांब्याची तार १०० मीटरपर्यंत बिनतक्रार काम देते. राउटरच्या मांडणीत त्या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा, म्हणजे तो आज एक व उद्या दुसरा असा बदलणार नाही. विंडोजमध्ये दुकानातील जोडणीचा प्रकार ‘खाजगी’ निवडावा. लॅपटॉप धर्मशाळेत किंवा रेल्वेस्थानकावर जोडताना मात्र तोच प्रकार ‘सार्वजनिक’ असावा, कारण तेथे शेजारी कोण बसला आहे हे आपणांस ठाऊक नसते. गिऱ्हाइकांस वायफाय द्यावयाचे असल्यास त्यांच्यासाठी राउटरमधील पाहुण्यांची निराळी जोडणी चालू करावी. पाहुण्यांस ओसरीवर बसवावे, तिजोरीच्या खोलीत नेऊ नये.

आता दूरप्रवेश. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर उमटावा व आपल्या कळफलकाने तो चालावा, यासाठी विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप ही सोय आहे. जो संगणक दुरून चालवावयाचा, त्यावर विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती लागते. ‘होम’ आवृत्तीवर ही सोय मिळत नाही. सेटिंग्जमधील सिस्टिम या भागात ती चालू करावी, ज्यांस प्रवेश द्यावयाचा त्यांचीच नावे नोंदवावीत आणि संगणक आपोआप निद्रिस्त होणार नाही अशी व्यवस्था करावी. मग दुकानातीलच दुसऱ्या संगणकावरून राखून ठेवलेला पत्ता घालून प्रयोग करावा. आपण त्याच नावाने दुरून आत आलो की दुकानातील पडदा बंद होतो. म्हणून मुनीमजी काम करीत असतील, तर त्यांस आधी कळवावे.

येथवर सर्व निर्धोक आहे. प्रश्न उभा राहतो तो दुकानाबाहेरून आत येताना, आणि नेमकी येथेच आमच्याकडून चूक झाली. आमचे दुकान बेळगावच्या रविवार पेठेत व गोदाम उद्यमबागेत. गोदामातून खाते दिसावे म्हणून आम्ही राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे दार थेट जगासाठी उघडून घेतले. रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले दार हेच. पासवर्ड होता पेढीचे नाव व त्यापुढे १२३. जगातील चोरांची यंत्रे रात्रंदिवस प्रत्येक पत्त्यावरील हे दार ठोठावून पाहत असतात, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. २०२१ च्या दिवाळीनंतर एका सोमवारी संगणक उघडला, तो सारी खाती कुलूपबंद आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बाहेर काढून ठेवलेली प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती.

आम्ही खंडणी दिली नाही. कच्च्या पावत्या घेऊन एकेका गिऱ्हाइकाकडे गेलो व त्यांच्या वहीवरून आमची वही पुन्हा लिहिली. बहुतेकांनी आपले देणे स्वतः सांगितले. एका वृद्ध किरकोळ व्यापाऱ्याने तर आमच्याकडे ज्याची पावतीही नव्हती, ती रक्कम आठवणीने नोंदवावयास लावली. आमची खतावणी परत मिळाली ती लोकांच्या सचोटीमुळे, आमच्या दक्षतेमुळे नव्हे.

तेव्हा ते दार राउटरमधून बाहेर कधीही उघडू नये. रिमोट डेस्कटॉपमध्ये स्वतंत्र दोषही निघतात. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाचा असाच एक दोष उघडकीस आला. तो इतका गंभीर होता की, २०१४ मध्येच आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली.

योग्य मार्ग व्हीपीएनचा आहे. व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक रस्त्याखालून काढलेले खाजगी भुयार. ज्याच्यापाशी आपण दिलेली किल्ली आहे, तोच त्यात शिरतो आणि आत आल्यावर तो दुकानातच बसला आहे असे मानले जाते. मग वरील अंतर्गत पत्ताच वापरावयाचा. वायरगार्ड व ओपनव्हीपीएन ही त्याची दोन प्रचलित साधने असून अनेक राउटरांत यांपैकी एखादे अंगभूतच असते. यासाठी बाहेरचा पत्ता आपल्या एकट्याचा असावा लागतो. काही कंपन्या अनेक ग्राहकांस मिळून एकच पत्ता देतात, म्हणून स्वतंत्र व स्थिर पत्ता मिळेल काय, हे आधी विचारून घ्यावे. ते न जमल्यास मध्यस्थ सेवेचे अ‍ॅप चालते, मात्र मोबाइलवरील दुहेरी पडताळणी चालू केल्याखेरीज ते वापरू नये.

प्रत्येकास स्वतंत्र नाव व लांब पासवर्ड द्यावा. करसल्लागारास खाती पाहावयाची असतील, तर पाहण्याचाच अधिकार द्यावा, पुसण्याचा नव्हे. नोकरी सोडून गेलेल्याचे नाव त्याच दिवशी काढावे. आवश्यकतेहून अधिक न ठेवणे हे अपरिग्रहाचे तत्त्व अधिकारांच्या बाबतीतही हितावह आहे. खात्यांची एक प्रत रोज काढून संगणकापासून विलग ठेवावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. असा संगणक दूरप्रवेशासाठी वापरू नये.

शेवटचा धोका यंत्रात नसून दूरध्वनीत आहे. ‘बँकेतून बोलतो, हे अ‍ॅप उतरवून घ्या व त्यातील अंक सांगा,’ असे कोणी म्हटल्यास तो आपल्या संगणकाची किंवा मोबाइलची किल्लीच मागत आहे असे समजावे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच या प्रकाराविषयी बँकांना सावध केले होते. फसवणूक झालीच, तर लज्जा न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेसही सूचना द्यावी.

पेढीच्या संगणकात केवळ आपले धन नसते. कोणाची किती उधारी, कोण अडचणीत आहे, कोणी मुदत मागितली, हे गिऱ्हाइकांनी विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेले असते. पूर्वजांनी त्या वह्या कोणास सहज चाळू दिल्या नाहीत. सभासदांनी या अंकाचे वाचन झाल्यावर आपापला राउटर लावून देणाऱ्या कारागिरास बोलावून एवढेच विचारावे : ‘आमच्या संगणकाचे ३३८९ क्रमांकाचे दार बाहेर उघडे आहे काय?’ उत्तर होकारार्थी आल्यास ते त्याच दिवशी बंद करून घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.